टोचले असते, तर ओळखले असते

शेतात अनवाणी हिंडलेल्या माणसाला तणांची पहिली ओळख पायांनी होते. बाजरीच्या बांधावरचा सराटा टाचेत शिरला, की त्याचे नाव पुन्हा विचारावे लागत नाही. काटेमाठ उपटायला हात घातला आणि पानाच्या बेचक्यातला काटा बोटात गेला, की साधा माठ आणि काटेमाठ यांतला फरक कायमचा समजतो. पुस्तकाला ज्यासाठी चार ओळी खर्च कराव्या लागतात, ते काटा एका टोचण्यात सांगून जातो.

या काटेरी मंडळींत रब्बीच्या पिकांना सर्वांत ठाऊक असलेला म्हणजे पिवळा धोत्रा. गव्हात, हरभऱ्यात, विहिरीच्या थारोळ्याजवळ तो हमखास उगवतो. निळसर झाक असलेले हिरवे पान, त्यावर पांढऱ्या शिरांची नक्षी, पानाच्या प्रत्येक टोकाला काटा, पिवळेजर्द फूल आणि देठ मोडला की पाझरणारा पिवळा चीक. इतक्या खुणा अंगावर मिरवणाऱ्या तणाला ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. बोंडे धरण्याआधी खुरपून टाकले, तर पुढच्या वर्षीचा त्रास निम्मा होतो, हेही जुन्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. बोंड मात्र धरू द्यायचे नाही. त्यातले काळे, गोल, बारीक बी मोहरीसारखे दिसते आणि मोहरीच्या तेलात त्याचे तेल मिसळले, तर काय होते, हे दिल्लीने १९९८ साली पाहिले. अंगावर सूज येऊन, हृदय निकामी होऊन साठाहून अधिक माणसे दगावली. काटेरी झाड शेतात सहज ओळखता येते. त्याचे बी डब्यात गेल्यावर मात्र कोणाला ओळखता येत नाही. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

पिवळा धोत्रा हा मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्या लोकांनी त्याला 'फिरंगी धोत्रा' म्हटले, 'बिलायत' म्हटले. काही शतके इथे राहूनही त्याचे परकेपण नावात टिकून आहे. लोक नावे ठेवतात ती उगाच नव्हे. आता ज्याच्याविषयी लिहायचे आहे, तेही त्याच मुलखातून आलेले आणि त्यालाही लोकांनी असेच एक बोलके नाव दिले. फरक इतकाच, की त्याला काटा नाही.

पुरंदर तालुक्यात माझ्या मामेबहिणीची कोरडवाहू जमीन आहे. दिवाळीच्या सुमारास ज्वारीच्या खुरपणीला मी तिच्याकडे गेलो होतो. गेलो होतो म्हणजे बांधावर बसून चहा पीत होतो. खुरपे चालवत होत्या त्या आठ बायका. त्यांतल्या तिघींच्या मनगटांपासून कोपरापर्यंत कातडी काळवंडून जाड झालेली, मध्ये मध्ये भेगा. एकीच्या पापण्या सुजलेल्या. मी विचारले, तर बहीण म्हणाली, "काँग्रेस गवताचं आहे, दादा. काटा परवडला. काटा रुतला की सुईनं काढता येतो. हे कुठून काढायचं?" त्या बायका पदराचे टोक हाताला गुंडाळून ते गवत उपटत होत्या. हातमोजे का नाहीत, असा शहरी प्रश्न मी विचारला. कोणी उत्तर दिले नाही, आणि ते बरोबरच होते.

गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरफुली. नावे अनेक, वनस्पती एकच: पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पुणेकर अनेक गोष्टींचा पहिला मान सांगत असतात. हा मान मात्र कोणी सांगत नाही. स्वतंत्र भारतात या तणाची दखल पहिल्यांदा घेतली गेली, ती पुण्यात. १९५१ साली प्रा. परांजपे यांना ते शहरातल्या उकिरड्यांवर तुरळक उगवलेले दिसले. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यात सुरू झाले आणि तिथल्या आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये 'भारतासाठी नवी नोंद' म्हणून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. 'तुरळक' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. उकिरड्यावरची तुरळक रोपे दोन माणसांना एका सकाळी उपटून टाकता आली असती.

आता त्या गव्हाच्या कथेकडे वळू. अमेरिकेतून पीएल-४८० खाली आलेल्या लाल गव्हात हे बी आले, असे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला ही कथा पटते, कारण त्या गव्हाविषयीचा राग तिच्यात आयताच मुरलेला आहे. पण तारखा जुळत नाहीत. पीएल-४८० हा कायदा अमेरिकेत १९५४ साली झाला आणि भारताशी त्याखालचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्याच्या उकिरड्यावर रोपे दिसली ती १९५१ मध्ये. जहाज निघण्याआधी बी कसे पोहोचले? अर्थात त्याआधीही परदेशी धान्य येतच होते. १९५१ साली अमेरिकेने गव्हासाठी मोठे कर्जही दिले होते. तेव्हा धान्यातून बी आले असणे अशक्य नाही; फक्त दोष ज्या करारावर टाकला जातो, तो उशिराचा आहे. आणखी एक अडचण अशी, की रॉक्सबर्गने कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींची जी यादी केली, 'हॉर्टस बेंगालेन्सिस', तिच्यात हे नाव १८१४ सालीच आहे. म्हणजे उद्यानातला पाहुणा म्हणून ते जवळपास एकशे चाळीस वर्षे आधी येऊन गेले होते. मग त्याने इतकी वर्षे पाय का पसरले नाहीत? कदाचित कलकत्त्यात आलेला वाण आणि पुण्यात आलेला वाण वेगळा असेल. मला स्वतःला ही चौकशी रंजक वाटते, पण तिचा दुरुपयोगही दिसतो. ते कोणी आणले, यावर आपण सत्तर वर्षे वाद घातला. ते कोणी वाढू दिले, हा प्रश्न त्या गोंगाटात बाजूला पडला.

पहिला इशारा पुण्यातूनच दिला गेला. तेव्हाच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले, म्हणजे आजच्या आघारकर संस्थेतले, वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९६८ साली 'इंडियन फार्मिंग'मध्ये लेख लिहून हे तण महाराष्ट्रातील पिकांना आणि कुरणांना धोका असल्याचे सांगितले. हेच वर्तक पुढे देवरायांच्या अभ्यासामुळे ओळखले गेले. म्हणजे ज्या माणसाला मूळचे काय आहे हे नीट ठाऊक होते, त्यालाच उपरे काय आहे हे आधी दिसले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७४ मध्ये, पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या दोन परदेशी सहकाऱ्यांसह या वनस्पतीमुळे होणाऱ्या त्वचादाहावर लेख प्रसिद्ध केला. पार्थेनिन नावाचे द्रव्य या झाडात असते. कातडीला त्याची एकदा ॲलर्जी झाली, की मग झाडाला हात लावायचीही गरज उरत नाही. वाळलेल्या झाडाची हवेत उडणारी धूळही चेहरा, मान, पापण्या पेटवायला पुरते. परागकणांनी शिंका आणि दमा. जनावराने दुसरे काही नाही म्हणून ते खाल्ले, तर दुधाला कडवट चव. हे सर्व पन्नास वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. माझ्या बहिणीच्या शेतातल्या बायकांना ते त्याहून चांगले ठाऊक आहे, फक्त त्यांनी कुठे लेख लिहिला नाही.

आता ओळखीविषयी. फुलावर आलेले गाजर गवत कोणीही ओळखतो. पांढऱ्या टोपीसारखी बारीक, पाच कोपऱ्यांची फुले, कंबरेपासून छातीपर्यंत उंची. पण तेव्हा ओळखून उपयोग काय? एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया येतात, त्याही मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या. ओल मिळाली की वर्षाच्या कोणत्याही महिन्यात उगवायचे, महिना-दीड महिन्यात फुलावर यायचे आणि वर्षात तीन-चार पिढ्या काढायच्या, असा त्याचा खाक्या. जमिनीत गाडले गेलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते. म्हणून ते ओळखायचे, ते जमिनीला चिकटलेल्या पानांच्या चक्राच्या अवस्थेत. तेव्हा ते अगदी निरुपद्रवी दिसते. गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानासारखे कातरलेले, किंचित लवदार, फिक्या हिरव्या रंगाचे पान. काटा नाही, चीक नाही, उग्र वास नाही. धोत्र्यासारखे ते तुम्हाला हटकत नाही. याच अवस्थेत पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीतून ते मुळासकट अलगद येते, आणि फूल नसल्याने खड्ड्यात टाकले तर त्याचे खतही चालते. पंधरवडा उशीर झाला, की तेच खत बियांची पेटी होते.

आमच्या भागात काय होते, ते सांगतो. पावसाळाभर रिकाम्या प्लॉटांवर गाजर गवत वाढते. सप्टेंबर संपत आला, की कोणाला तरी डेंग्यूच्या डासांची आठवण होते, तक्रारी जातात, आणि ठेकेदाराची माणसे यंत्र घेऊन येतात. झाडे फुलून बी धरलेली असतात. यंत्राने ती जमिनीपासून वीतभर वर कापली जातात. खालचा बुंधा पुन्हा फुटतो. वरचा भाग ट्रॅक्टरमध्ये भरून, रस्ताभर बी सांडत, कुठे तरी नेऊन टाकला जातो. कापणी झाली, बिल निघाले, छायाचित्र निघाले. सोसायटीच्या सभेत मी हे जून-जुलैत उपटण्याविषयी बोललो, तेव्हा एका सद्गृहस्थांनी विचारले, "पण तेव्हा तर काही दिसतच नाही ना?" दिसत नाही, हेच तर सांगत होतो. गंमत म्हणजे पुष्पगुच्छात गुलाबाभोवती भरतीला म्हणून हीच पांढरी फुले खोचलेली मी लग्नसमारंभात पाहिली आहेत. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी ती नाकाशी नेऊन वासही घेतला.

शहराचा हा आळस शहरात राहत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा पुणे शहराच्या मधून जातो आणि हडपसर, लोणी ओलांडून दौंड-इंदापूरच्या शेतांपर्यंत पोहोचतो. त्याच्या शहरातल्या काठावर उभे राहून पाहा. इतके हलके बी पाण्यावर वाहते, आणि आवर्तन सुटले की ते ज्या पाटात जायचे त्या पाटात जाते. बांधकामाची माती, भराव, मुरूम, शेणखताच्या ट्रॉल्या, रोपवाटिकेतल्या पिशव्या, ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेला चिखल: हे सारे वाहक. शहरात हे तण गैरसोय आहे. शेतात ते ज्वारीच्या तोंडचे पाणी पळवते. इथिओपियात ज्वारीवर प्रयोग झाले, त्यांत हे तण मोकळे सोडल्यावर उत्पन्नात चाळीस टक्क्यांपासून सत्त्याण्णव टक्क्यांपर्यंत घट आली. तिथेही ते परदेशी मदतीच्या धान्यातून आले, असे मानले जाते. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ 'जमिनीवर सही करून सोडून दे' असा काहीसा होतो. आपल्या 'काँग्रेस गवता'पेक्षा हे नाव अधिक कडू आहे.

उपाय नाहीत असे नाही. ज्वारी-मक्यात पेरणीनंतर, उगवण होण्याआधी ॲट्राझिन फवारावे, असे सांगतात आणि जमिनीत ओल असेल, तर त्याचा गुण येतो. पण आमच्याकडची रब्बी ज्वारी अनेकदा करडईच्या ओळी घालून पेरलेली असते. रुंद पानाच्या तणाला मारणारे औषध करडईलाही मारते. टू-फोर-डीचे तुषार शेजारच्या द्राक्षबागेवर गेले, तर भांडण तलाठ्यापर्यंत जाते. पडीक जागेवर मिठाचे कडक पाणी फवारतात. पिकाच्या रानात ते कोण करील?

मेक्सिकन भुंग्याची हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. झायगोग्रामा नावाचा हा पांढुरका, तपकिरी रेघांचा किडा १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला. तो फक्त गाजर गवतावर जगतो, अशी खात्री करून घेऊन १९८४ मध्ये सोडला. तीन-चार वर्षांत त्याने बंगळूरच्या आसपासची गवताची राने खरोखर झोडपली. मग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच भुंगा सूर्यफुलाच्या पानांवर दिसल्याची ओरड झाली. सरकारने समिती नेमली, भुंगे सोडणे थांबले, आणि सूर्यफुलाला त्याच्यापासून धोका नाही असा निर्वाळा येईपर्यंत ते दशक संपत आले. मला या विलंबाबद्दल तक्रार नाही. एक परका आवरायला दुसरा परका आणायचा, तर तपासून घ्यावेच. पण ज्या देशात एक किडा सूर्यफुलाच्या पानावर बसला म्हणून समिती बसते, त्याच देशात मूळ तण मोकळे सुटले तेव्हा कोणी बसले नव्हते. तो भुंगा आज आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतो, झाडाची चाळण करतो आणि पाऊस ओसरला की जमिनीत जाऊन झोपतो. ज्वारीची खुरपणी नेमकी त्याच्या झोपेच्या दिवसांत येते. तेव्हा तो मदतनीस आहे, गडी नव्हे. पडीक जागी टाकळ्याचे बी फेकावे, टाकळा दाट वाढून याला उगवू देत नाही, हा उपाय मला त्यातल्या त्यात आपला वाटतो. स्वस्त आहे, आणि कोवळ्या टाकळ्याची भाजीही होते.

कायदाही करून झाला. कर्नाटकाने १९७५ साली या तणाला कायद्याने शेतीचा शत्रू ठरवले. शत्रूने नोटीस वाचली नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या बियाण्यातून १९६० च्या सुमारास हेच तण शिरले. तिथे निदान तणाच्या भागातून बाहेर पडणारी यंत्रे आणि गाड्या धुऊन काढायची केंद्रे उभी राहिली. आपल्याकडे ऊसतोडणीची आणि मळणीची यंत्रे जिल्हे ओलांडत फिरतात. ती कोण धुतो?

हे सर्व आता उगाळायचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे, की १९५१ चा तो उकिरडा पुन्हा पुन्हा समोर येतो. २००६-०७ मध्ये आपण बऱ्याच वर्षांनी मोठ्या प्रमाणावर गहू आयात केला. त्या गव्हात परक्या तणांचे बी आढळले. त्यांत एक काटेरी बोंडांचे, कपड्यांना आणि जनावरांच्या अंगाला चिकटणारे सेंक्रस जातीचे गवत होते, आणि एक आपल्या रिंगणीच्या कुळातली, खोडापानांवर काटे असलेली अमेरिकन वनस्पती. त्यानंतर जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने राज्याराज्यांतून त्यांचा शोध घेण्याची मोहीम निघाली. ही गोष्ट चांगली झाली. आयात मालासोबत कोणते तण येता कामा नये, याची यादीही २००३ च्या विलग्नवास आदेशात आहे. पण यादी बंदरावर असते. बी बंदर ओलांडून रेशनच्या पोत्यात, पोत्यातून निवडून फेकलेल्या घाणीत आणि घाणीतून उकिरड्यावर गेले, की पुढे यादी कामाची नाही. तिथे डोळा लागतो. काटेरी असो वा बिनकाट्याचे, बी असताना सगळे सारखेच दिसते.

तो डोळा आपल्याकडे कमी होत चालला आहे, ही माझी खरी चिंता. झाड हातात धरून नाव सांगणारे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक महाविद्यालयांतून निवृत्त झाले, त्यांच्या जागी प्रयोगशाळेत रमणारी मंडळी आली. त्यांचे काम मोलाचे आहे, पण बांधावरचे अनोळखी रोप त्यांना दाखवून उपयोग होत नाही. पुण्यात वनस्पती सर्वेक्षणाचा आणि आघारकर संस्थेचा असे दोन उत्तम वनस्पतिसंग्रह आहेत, कृषी महाविद्यालय आहे. शिरूर किंवा पुरंदरच्या शेतकऱ्याला शेतात कधी न पाहिलेले एखादे रोप दिसले, तर ते कागदात दाबून तालुक्याच्या कृषी कार्यालयात द्यावे आणि आठवड्याभरात या संग्रहांकडून त्याला नाव कळावे, एवढी साधी व्यवस्था करायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. पोस्टाचा खर्च आणि दोन जाणकार माणसे लागतील. आज मोबाईलवर छायाचित्र काढून पाठवता येते, म्हणजे पोस्टाचाही खर्च वाचला. दाद देणारे कोणी तरी दुसऱ्या टोकाला हवे. आणि ओळख पटल्यावर ती तुरळक रोपे उपटायला जाईल, अशी एखादी तुकडीही हवी. नाही तर १९५६ सारखी नोंद होईल आणि रोपे तिथेच राहतील.

शहराने करायचे ते वेगळे. रिकाम्या प्लॉटाच्या मालकाकडून गवत कापल्याचे नव्हे, तर जूनच्या पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांत उपटल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. कालव्याच्या शहरातल्या काठांची निंदणी आवर्तन सुटण्याआधी व्हावी. आणि हे काम ज्या बायका करतील, त्यांना कोपरापर्यंतचे हातमोजे मिळावेत; ठेक्याच्या अटीत तशी एक ओळ घातली, तरी पुरे.

पुरंदरहून निघताना मी तालुक्याच्या गावातून रबरी हातमोज्यांच्या आठ जोड्या घेऊन बहिणीकडे ठेवल्या. पुढच्या आठवड्यात तिला फोन केला. म्हणाली, "वापरले दोन दिवस. घामानं हात आणखी खाजतात, आणि खुरपं हातात बसत नाही. आता त्यातल्या पाच जोड्या भांडी घासायला आहेत." पाटाकडेच्या चार सऱ्यांत गवत पुन्हा उगवले आहे, एवढे सांगून तिने फोन ठेवला, पाणी यायची वेळ झाली होती.